दहा फुटांची अंबाडी

प्रकरण २०२० च्या खरिपातलं. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, सीनेच्या अलीकडचं. गावाचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर मंद्रूपच्या बाजारात मला कुणी चहा विचारणार नाही. शेतकरी माझे मामा, आईचे चुलतभाऊ, वय तेव्हा ६७. मी कृषी सेवा केंद्र चालवतो, म्हणजे युरिया आणि नायलॉनचा दोर विकून पोट भरतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं दोन्हींबद्दल वाईट बोलायचं आहे.

मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि आठवडी बाजार बंद पडले. मामांच्या दावणीला खिलारी जोडी. त्यातल्या एकाच्या मानेवर नायलॉनच्या दाव्यानं काचून जखम झालेली. नायलॉन घाम शोषत नाही, उन्हात तापतो आणि ओढ बसली की कातडीत रुततो. मामा म्हणाले, "आमच्या बापाच्या काळात बैलाच्या मानंला अंबाडीशिवाय दुसरं काय लागलं न्हाई." मामींनी माळ्यावरून राखेत ठेवलेलं बी काढलं. त्या दरवर्षी भाजीपुरती चार झाडं बोंडावर सोडतात, त्याचंच बी. वाकासाठी, म्हणजे दोर वळायच्या धाग्यासाठी, अंबाडी करून त्या घरात तीस वर्षं झाली असतील.

इथं एक गोष्ट स्पष्ट करू. आपण सरसकट अंबाडी म्हणतो, पण झाडं दोन आहेत. लाल देठाची, जास्त आंबट, भाजीची, ती एक. दुसरी हिरव्या देठाची, सरळसोट वाढणारी, वरच्या पानांना बोटासारखे खोल काप असलेली. वाक हिचाच काढतात. हिचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. लिनियसनं १७५९ साली ते ठेवलं, आणि 'कॅनाबिनस' म्हणजे 'गांजाच्या झाडासारखी'. इंग्रजांच्या काळात व्यापारात हिला 'डेक्कन हेम्प' म्हणत. म्हणजे ही अंबाडी गांजासारखी दिसते असं अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं. आमच्या गावाला ते ऑगस्टमध्ये कळलं.

मामींच्या डब्यातलं बी या दुसऱ्या जातीचं होतं.

पेर

रान काळं, साडेतीन एकर, उतार ओढ्याकडं. मृग वेळेवर लागला. १३ जूनला वाफसा आला तसं मामांनी दोन गुंठ्यांत तीनेकशे ग्रॅम बी दाट पेरलं, ओळीत वीतभर अंतर. वाकासाठी अंबाडी दाटच लागते. दाटीत फांदी फुटत नाही, प्रत्येक झाड उजेडासाठी शेजारणीशी चढाओढ करत सरळ वर जातं, आणि सोल, म्हणजे वाकाची सोललेली साल, लांब निघतो. शिवाय दीड एकर तुरीच्या कडेनं, पायवाटेच्या अंगाला, अंबाडीचं एक एकेरी तास, म्हणजे एकच ओळ, टाकलं. ते बियाण्यासाठी.

पेर झाली आणि तिसऱ्या दिवशी तासभर दणका पाऊस. त्यावर दोन दिवस कडक ऊन. काळ्या रानावर अशी पपडी धरते की अंबाडीचं मऊ मोड तिला फोडू शकत नाही. मामी आणि सुनेनं खुरप्याच्या पाठीनं ओळी हलक्या हातानं थोपटत पपडी मोडली म्हणून निम्म्याहून जास्त उगवण वाचली. मी दुकानात बसून हे सांगू शकलो नसतो. पुस्तकात 'पपडी फोडावी' एवढंच असतं, खुरप्याची पाठ वापरायची हे नसतं.

दोन गुंठ्यांचा ओढ्याकडचा कोपरा सखल. तिथं आर्द्रेत चार दिवस पाणी साचलं आणि रोपांचे बुंधे काळे पडून माना टाकल्या. मुळकूज म्हणतात लोक, खरं तर कूज बुंध्याला, जमिनीच्या रेघेवर असते. रोप उपटलं तर मूळ पांढरं शुभ्र आणि बुंध्याला दोऱ्यानं आवळल्यासारखी काळी पट्टी. साठ-सत्तर हात जागा रिकामी झाली. मामांनी ती तशीच ठेवली आणि ५ ऑगस्टला, आश्लेषात, पाणी मुरल्यावर उरलेलं बी त्या खाड्यात टोकलं. बी तेच, रान तेच, माणूस तोच, फक्त तारीख ५३ दिवस पुढं. पुढचा अर्धा लेख या खाड्यावर उभा आहे.

वाढ

मी जुलैपासून दर आठवड्याला जायचो. मामांनी एक वेळू गाडला होता, त्यावर कोयत्यानं खुणा करायचे. आर्द्रा संपताना गुडघा. पुष्यात बारा-तेरा दिवस उघडीप पडली, तेव्हा खूण जवळजवळ हललीच नाही. पानांना बारीक भुंगेऱ्यांनी चाळण केली, खालची पानं पिवळी झाली. मामांना वाटलं पीक गेलं. मग दोन चांगल्या सरी आल्या आणि दहा दिवसांत झाड कमरेवरून डोक्यावर. अंबाडीचं सोटमूळ खोल जातं. उघडिपीत वर वाढ दिसत नाही तेव्हा खाली काम चालू असतं. सोलापूरचा पाऊस मुळात असाच दोन तुकड्यांत येतो. जूनमध्ये एक, मध्ये जुलै-ऑगस्टची ओढ, आणि सप्टेंबरात खरा पाऊस. इथं १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू आहे ते उगाच नाही. जे पीक मधल्या ओढीत जीव धरून बसतं ते इथलं. अंबाडी बसते.

उघडिपीनंतर मामांनी माझ्या दुकानातून नेलेला युरिया, घमेल्यात उरलेला अडीच किलो, एका गुंठ्यावर फेकला. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी विकणारा माणूस. एकरी हिशोब केला तर दोन पोत्यांच्या वर जातो, अंबाडीला काहीच्या काही जास्त. तो गुंठा आठ दिवसांत काळाभोर झाला आणि दुसऱ्यापेक्षा वीतभर उंच. मामा खूश. मीही खूश, खोटं कशाला बोलू.

पंधरा ऑगस्टला दाट पेरीत वेळूवरची खूण सात फुटांवर होती. पायवाटेचं एकेरी तास थोडं बुटकं, पण बुंधे मनगटाएवढे आणि फांद्या फुटलेल्या. पश्चिमेकडून जून ते ऑगस्ट सारखा वारा. त्या अंगाची झाडं आतल्या झाडांपेक्षा फूटभर कमी आणि जाड. सतत हलणारं झाड उंची सोडून जाडी धरतं, हे गच्चीवरच्या कुंडीतही दिसतं.

व्हिडिओ

गणपती बसले २२ ऑगस्टला. दोन दिवसांनी सकाळी पायवाटेनं जाणाऱ्या कुणीतरी त्या तासाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. मोबाईल वर धरून फक्त शेंडे घेतलेले, पाच-पाच सात-सात काप असलेली, कडेला दातेरी पानं, मागं आभाळ. खाली लिहिलेलं, 'बघा तुरीच्या आड काय चाललंय'. दुपारपर्यंत तो चार गावांच्या ग्रुपवर फिरला. उसात, तुरीत गांजा लावल्याच्या बातम्या जिल्ह्याला नव्या नाहीत, त्यामुळं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं नाही हेच मला जास्त लागलं.

पोलीस पाटलांनी ठाण्यात कळवलं. यावर मामांच्या थोरल्या मुलाचा अजून राग आहे, पण माझा नाही. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात कलम ४७ आहे. बेकायदा लागवड दिसली तर सरपंच, पंच, गावकामगार यांनी ताबडतोब कळवायचं असतं. कलम ४६ तर जमीनमालकावरच आहे; आपल्या रानात असं झाड उगवल्याचं माहीत असून गप्प बसलं तर तोही गुन्हा. आणि लागवडीला कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड. पोलीस पाटलांनी 'मला माहीत नव्हतं' म्हणायला नको म्हणून फोन केला. कुणीही केला असता. (धाग्यासाठी किंवा बियांसाठी गांजाच्या कुळातलं झाड लावायला सरकार परवानगी देऊ शकतं, तशी सोय कलम १४ मध्ये आहे आणि उत्तराखंडात तसे परवाने दिलेही गेले. पण ते तिकडं. सोलापुरात कुणी 'मी दोरासाठी लावलंय' म्हणून ते झाड लावलं तर त्याला दोर मिळेल, पण वेगळा.)

चार वाजता जीप आली. एक तरुण साहेब, दोन शिपाई, एक वयस्क हवालदार. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मामा बांधावर उभे, हातात टोपी. साहेबांनी मोबाईलवर गांजाच्या पानाचं चित्र काढलं, शेंड्याशेजारी धरलं, आणि खरं सांगतो, चार हातांवरून मलाही फरक सांगता आला नसता.

मी जवळ जाऊन म्हणालो, "साहेब, खालची पानं बघा."

या झाडाची बुडातली पानं अखंड असतात, बदामासारखी. काप वरच्या पानांनाच पडतात. एकाच खोडावर दोन्ही. शिवाय अंबाडीचं पान कितीही चिरलेलं दिसलं तरी ते एकच पान असतं, सगळे काप बुडाशी एकमेकांना चिकटलेले. गांजाच्या पानाचं प्रत्येक बोट देठापासून सुटं असतं. पान पालथं केलं तर मधल्या शिरेच्या बुडाशी अंबाडीला एक बारीक गाठ असते, गोड रसाची, तिथं मुंगी हटकून सापडते. खोडावर बोट खालून वर फिरवलं तर बारीक काटे टोचतात. गांजाला काटा नाही, त्याचं खोड खोबणीदार आणि शेंडा चिकट, वासाचा. मी हे सगळं सांगत होतो आणि साहेब ऐकतही होते, पण चेहऱ्यावर 'दुकानदार नातेवाईक आहे' हे स्पष्ट होतं.

तेवढ्यात हवालदारांनी एक शेंडा मोडला, मास्क हनुवटीखाली ओढला आणि कोवळं पान चावलं. क्षणभर तोंड वाकडं केलं.

"साहेब, ही पुंडी हाय."

"काय?"

"पुंडी. आमच्याकडं अक्कलकोटला पुंडी पल्ल्या करत्यात. आंबाट लागती. तुमी बी चावून बगा." मग मामांकडं वळून, "मालक, कोवळी हाय तवर खुडायची व्हती की. आता जून झाली."

अक्कलकोटकडचे कानडी लोक पुंडी म्हणतात, शहरात पूर्व भागातल्या विणकरांच्या घरी हीच गोंगुरा होते, आणि आमच्याकडं कण्या घालून लसणाची फोडणी दिली की अंबाडी. एका जिल्ह्यात एका पाल्याला तीन नावं. साहेब लातूरकडचे निघाले. अंबाडीची भाजी तिकडंही खातात, पण त्यांनी दहा फुटांचं झाड कधी पाहिलेलं नव्हतं. भाजी ओळखणं आणि झाड ओळखणं यात अंतर असतं.

साहेबांनी चावलं नाही. ते कागदाला बांधलेले, त्यांचंही बरोबर. दोन झाडं मुळासकट उपटून पोत्यात घातली, मामांचा जबाब घेतला आणि 'तपासून कळवतो' म्हणून गेले.

त्या रात्रीचा निर्णय

रात्री जेवण कुणाला गेलं नाही. थोरला मुलगा म्हणाला, सकाळी सगळं कापून पेटवून देऊ. मामींचंही तेच. एवढ्या हंगामात हाच एक निर्णय माझा होता, बाकी सगळं मामांचं. मी म्हणालो, एक पान तोडायचं नाही. पहिलं कारण साधं. नमुना गेलेला असताना पीक जाळलं तर पुरावा नष्ट केला असं दिसतं. दुसरं कारण सांगायला मला भिंतीवरचं कॅलेंडर उतरवावं लागलं.

गांजा असो की अंबाडी, दोघांचं फूल रात्रीच्या लांबीवर येतं. दिवस मोठा आहे तोवर झाड उंची घेत राहतं; दिवस ठरावीक मर्यादेखाली आखडला, म्हणजे रात्र पुरेशी लांबली, की शेंडा पानं सोडून कळ्या धरतो. अंबाडीच्या बहुतेक वाणांना ही मर्यादा साडेबारा तासांच्या आसपास असते. सोलापूर १७ अंश ४० कला उत्तरेला. इथं २१ जूनला दिवस साधारण १३ तास ११ मिनिटांचा, डिसेंबरात ११ तासांच्या किंचित वर. साडेबारा तासांखाली तो उतरतो ऑगस्टच्या अगदी शेवटी. म्हणजे व्हिडिओ निघाला तेव्हा झाड कळ्या धरायच्या उंबरठ्यावर होतं. तीन आठवडे थांबलं तर फूल स्वतः साक्ष देणार होतं. अंबाडीचं फूल भेंडीसारखं, तळहाताएवढं, फिकट पिवळं आणि मध्ये गर्द लाल डोळा. गांजाला असं फूल येतच नाही. त्याचा हिरवा, बारीक, चिकट तुरा.

ही दिवसाच्या लांबीची भानगड शास्त्रज्ञांच्या लक्षात आली तीही उंच झाडावरूनच. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांच्याकडं तंबाखूचा एक वाण उन्हाळाभर नुसता ताडमाड वाढायचा, फुलायचाच नाही. तोच वाण हिवाळ्यात काचघरात लहानपणीच फुलला. खत, पाणी, ऊब सगळं तपासून झाल्यावर त्यांनी झाडं रोज दुपारनंतर अंधारात ठेवून पाहिली, आणि १९२० साली निष्कर्ष छापला. मामांना एवढं सांगितलं नाही. फक्त म्हणालो, "उत्तरा लागू द्या."

"उत्तरात अंबाडी फुलतीच," मामा म्हणाले. "त्यात काय सांगतो तू." म्हणजे त्यांना ते माहीतच होतं, घाबरल्यानं आठवत नव्हतं.

उत्तरा लागलं १३ सप्टेंबरला. १५ तारखेला पहाटे पहिली फुलं उघडली. एक अडचण माझ्या ध्यानात नव्हती. हे फूल पहाटे उमलतं आणि दुपारी मिटतं, दुसऱ्या दिवशी गळतं. मी अकरानंतर गेलो तर सगळी मान टाकलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोचलो. दव होतं, फुलांत काळे भुंगे, लाल डोळ्याभोवती परागाची पिवळी धूळ. फोटो काढले, फूल, खालचं अखंड पान, वरचं कापाचं पान आणि शेजारी उभे मामा एका चौकटीत घेऊन, आणि हवालदारांना पाठवले. दोन दिवसांनी निरोप आला की विषय संपला. तसा कागद मात्र कुणी दिला नाही, आणि ज्या ग्रुपवर व्हिडिओ फिरला तिथं फुलाचा फोटो कुणी फिरवला नाही. मामा पुढं महिनाभर पारावर गेले नाहीत. याची नोंद कुठल्या रकान्यात करायची मला कळत नाही, म्हणून इथं करतो.

खाडा

आता त्या ५ ऑगस्टच्या टोकणीकडं. जूनच्या झाडांना पहिलं फूल आलं १५ सप्टेंबरला, वेळूवर पावणेदहा फूट. खाड्यातल्या झाडांना आलं २४ सप्टेंबरला, साडेतीन फुटांवर. ५३ दिवस उशिरा लावलेलं पीक फुलायला फक्त नऊ दिवस उशीर. खाड्यात पालापाचोळा कुजलेला, ओल भरपूर, रान उलट जास्त कसदार. तरी झाड माझ्या छातीला लागलं नाही. फूल लागल्यावर दोन्हीकडची वाढ मंदावली. जूनची झाडं दहाच्या थोडं वर जाऊन थांबली.

माझ्या दुकानात दर हंगामाला कुणीतरी विचारतं, उंची वाढवायला काय फवारू. मी बाटली देतो. या खाड्यानंतर बाटली देताना माझा हात जरा अडखळतो. अंबाडीला उंच व्हायला मृगापासून उत्तरापर्यंत जेवढे दिवस सापडतात तेवढीच तिची उंची. युरियानं वीतभर वाढली, तारखेनं सहा फूट.

१४ ऑक्टोबर

वाकासाठी अंबाडी निम्मी फुलल्यावर कापावी. बोंडं भरू दिली तर सोल जाड आणि चरबट होतो. मामांनी १ ऑक्टोबरला बिनयुरियाचा गुंठा बुडातून कापला, दोन-तीन दिवस पेंढ्या उभ्या ठेवून पाला झडू दिला आणि ४ तारखेला ओढ्याच्या डोहात २८ पेंढ्या दगड ठेवून बुडवल्या. पंधरवडा लागतो. पाण्यातले जंतू साल आणि काडी यांच्यामधला डिंकासारखा भाग खातात, मग सोल अंगरख्यासारखा उतरतो. कमी भिजला तर काडीचे तुकडे चिकटून येतात, जास्त भिजला तर वाकच कुजतो. वास मात्र असा की मामी त्या बाजूनं जात नसत. युरियाचा गुंठा आणि पायवाटेचं तास बियाण्याला ठेवलं.

मग बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र आंध्राच्या किनाऱ्यावर चढून तेलंगणातून सरळ आमच्याकडं आलं. १४ ऑक्टोबरला जिल्ह्यात झालेला पाऊस ज्यानं पाहिला त्याला सांगायला नको. भीमा, सीना दोन्ही पात्राबाहेर. अधिक महिन्याचे शेवटचे दिवस होते, तीन दिवसांवर घट बसायचे होते.

१६ तारखेला रानात जाता आलं. पायवाटेचं एकेरी तास मुळासकट उलटं पडलेलं, प्रत्येक बुंध्याखाली घमेल्याएवढा चिखलाचा गोळा उपटून आलेला. आश्चर्य याचं की तीच झाडं सगळ्यांत जाड होती. पण ती दोन्ही बाजूंनी उघडी, फांद्यांवर भिजलेल्या बोंडांचं ओझं, आणि काळं रान पाण्यानं लोण्यासारखं झालेलं. खोड मोडलं नाही, जमिनीनं सोडलं. आणखी एक, हा माझा अंदाज आहे: तीन महिने वारा पश्चिमेचा होता, झाडानं तग धरला तो त्या वाऱ्याशी, वादळ दुसऱ्या बाजूनं आलं. सगळी झाडं पश्चिमेकडं डोकं करून पडलेली होती.

युरियाचा गुंठा वेगळ्या तऱ्हेनं गेला. तिथं मुळं शाबूत, खोडं कमरेतून वाकलेली, काही पिचलेली. चिरून पाहिलं तर भेंड मोठं, साल पातळ. वीतभर जास्त उंचीची किंमत ती. मधली झाडं एकमेकांवर रेलून तिरकी उभी होती, कडेच्या तीन-चार ओळी भुईसपाट. खाड्यातली साडेतीन फुटी झाडं मात्र जागच्या जागी, जणू काही झालंच नाही. मामा त्यांच्याकडं बघून म्हणाले, "बुटक्याचं बरं असतंय बग." मामी पाच फुटांच्या आतल्या, त्यांनी लगेच मान वर केली.

आणि ओढ्यात डोहच नव्हता. गाळ, पत्र्याचा तुकडा, कुणाची तरी पाईप. २८ पेंढ्या गेल्या.

चार दिवसांनी धाकटा मुलगा शेळ्या घेऊन खाली गेला, तेव्हा बंधाऱ्याच्या अलीकडच्या बाभळींत त्याला काहीतरी पांढरं लोंबताना दिसलं. सहा पेंढ्या काट्यांत अडकलेल्या. पाण्यानं साल सोलून, धुऊन, वाक केसासारखा मोकळा केलेला. दोन पेंढ्यांची टोकं जास्त कुजून भुगा होत होती, बाकीचा चांगला. वाळवून वजन केलं, तीन किलोला थोडं कमी. मामांनी दिवाळीच्या आधी पडवीत बसून मांडीवर पीळ दिला. चार दावी आणि दोन कासरे झाले. बियाण्याचं म्हणाल तर पडलेल्या झाडांची जमिनीला टेकलेली बोंडं बुरशीनं गेली, तिरक्या उभ्या झाडांचं आणि खाड्यातलं मिळून तीन शेर बी घरात आलं.

खर्चाचा हिशोब घातला तर नायलॉनचे दोर बाजारातून आणणं निम्म्याहून स्वस्त पडलं असतं. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला गोठ्यात नेलं आणि बैलाच्या मानेवरचे केस बोटानं बाजूला केले. जखमेच्या जागी गुलाबी कातडी आली होती, वर बारीक पांढरी लव.

२०२१ पासून त्यांनी दोन बदल केले. पायवाटेचं तास बंद. अंबाडी आता मधल्या रानात, चारी बाजूंनी तुरीच्या आडोशाला, सगळी दाट. बियाण्यापुरती वेगळी टोकणी ऑगस्टात, म्हणजे झाड छातीपर्यंतच राहतं, परतीच्या पावसात पडत नाही आणि बी हाताला लागतं. युरिया नाही. मी तेव्हापासून आर्द्रेत एक फोन करतो, कोपऱ्यात पाणी साचलंय का विचारायला, आणि मामा दरवेळी साचलं नाही म्हणून सांगतात.

हवालदारांची बदली झाली तरी जुलैत एकदा मोटारसायकलवर येतात. पुंडी कोवळी असते तेव्हा. मामी त्यांना गोणपाटाच्या पिशवीत भरून देतात आणि मामा हटकून विचारतात, "पंचनामा करायचा का?"